कात्री मंडळाची, कारवाई पोलिसांची

सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर प्रमाणपत्र झळकतं, तेव्हा आपण अंधारात खुर्ची शोधत असतो. ते देतं केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, १९५२च्या कायद्याने. मुख्यालय मुंबईत. पण मंडळाने कापलेलं दृश्य सोलापुरात कुणी पुन्हा जोडून दाखवलं तर? मंडळाकडे पोलीस नाहीत. कारवाई राज्य सरकारची. गुन्हा दखलपात्र, कैद ३ वर्षांपर्यंत. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या सिनेमाला शाळकरी पोराला आत सोडणं हेही कायद्याविरुद्धच. ‘घरचाच आहे हो’ ही सबब चालत नाही.

मोबाइलवर मात्र मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारी चित्रफीत आली, तर ते काम मंडळाचं नाहीच. ती कुणालाही पुढे पाठवू नका, ‘बघा काय चाललंय’ म्हणूनसुद्धा नाही. थेट पोलीस ठाण्यात कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे.