बुद्धीचे दान : संगणकतज्ज्ञांचे कौशल्य आणि समाजाचे प्रश्न

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा पाठ)





सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा तसाच आत्मपरीक्षणाचा क्षण असतो. जैन समाजाच्या दानपरंपरेचा इतिहास मंदिरांच्या, पाठशाळांच्या, धर्मशाळांच्या आणि पांजरपोळांच्या भिंतींवर लिहिलेला आहे. शास्त्रकारांनी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले. या चारही प्रकारांत समाज कधी मागे राहिला नाही. मात्र नव्या काळाने एक नवा प्रश्न उभा केला आहे. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा येथील ज्या घरांत एकेकाळी कापसाच्या गाठींचा आणि अडतीचा हिशेब चाले, त्या घरांतील मुले-मुली आज पुणे, बेंगळुरू, हैदराबाद आणि थेट अमेरिकेत संगणक अभियंता म्हणून काम करीत आहेत. त्यांची बुद्धी कोणत्या कामी लागावी? केवळ अर्थार्जनाच्या, की समाजाच्या दुःखाशी ज्यांचा संबंध आहे अशा कामांच्याही?

हा प्रश्न वरवर आधुनिक वाटला तरी जैन आचारशास्त्राला तो मुळीच नवा नाही. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या पस्तीस गुणांची गणना करताना पहिले स्थान न्यायसंपन्न विभवाला, म्हणजे न्यायमार्गाने मिळविलेल्या संपत्तीला दिले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची, म्हणजे कर्मादानांची, यादी करण्यात आली आणि तीत विषाच्या व्यापाराचाही समावेश झाला. गुणव्रतांत अनर्थदंडविरतीचा उपदेश आहे : ज्या कृतीने कुणाचेही प्रयोजन साधत नाही आणि हानी मात्र होते, ती कृती टाळावी. 'किती मिळविले' या प्रश्नाच्या आधी 'कशातून मिळविले' हा प्रश्न आपल्या पूर्वाचार्यांनी विचारला होता, हे यावरून स्पष्ट होते.

ही कसोटी संगणकाच्या व्यवसायास लावली तर काय दिसते? या क्षेत्रातील बहुतांश काम निंद्य मुळीच नाही. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयाची देयके, कारखान्याचा साठा या साऱ्यांमागे प्रामाणिक परिश्रम आहेत आणि त्यांवर असंख्य कुटुंबे उभी आहेत. परंतु माणसाला तासन्‌तास पडद्यापुढे खिळवून ठेवणे, त्याला पैजेच्या खेळात गुंतविणे, यासाठीही अत्यंत कुशाग्र बुद्धी राबविली गेली, हे नाकारता येणार नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना आवर घालण्यासाठी २०२५ साली संसदेला कायदा करावा लागला. तेथे अनर्थदंडाचा विचार संगणकाच्या कळफलकापर्यंत येऊन पोहोचतो.

निषिद्ध काय ते टाळणे ही झाली पहिली पायरी. विधायक काय ते करणे ही दुसरी. तिचे एक उज्ज्वल उदाहरण विदर्भाच्या मातीतच सापडते. यवतमाळचा कापूस घेऊन शकुंतला रेल्वे ज्या मूर्तिजापूरला जात असे, त्याच मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली विजय भटकर यांचा जन्म झाला. मान्सूनचा अंदाज वर्तविण्यासारख्या कामांना लागणारा सर्वाधिक शक्तिशाली संगणक भारताला देण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. त्याची धुरा डॉ. भटकरांकडे आली आणि १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला.

महासंगणकाची कीर्ती सर्वतोमुखी झाली. त्याच संस्थेत झालेले दुसरे एक काम त्या मानाने अप्रसिद्ध राहिले, पण सामान्य माणसाच्या जीवनात ते अधिक खोलवर गेले. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे संशोधन कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झाले होते, ते मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-डॅकमध्ये पुढे नेले. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच सांकेतिक व्यवस्था निश्चित झाली आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. पुढे जगन्मान्य झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही याच भारतीय व्यवस्थेच्या आधीच्या आवृत्तीवरून घेण्यात आली. आज खेड्यातील आजी नातवाचा मराठी संदेश भ्रमणध्वनीवर वाचते, शेतकरी सातबारा मराठीत पाहतो, त्यामागे हे परिश्रम आहेत. इंग्रजी येणाऱ्यांसाठी प्रणाली तयार करणे तेव्हा अधिक सोपे होते. काही बुद्धिमंतांनी अवघड वाट निवडली, म्हणून कोट्यवधी लोकांसाठी संगणकाचे दार उघडले.

आता दृष्टी आपल्या जिल्ह्याकडे वळवावी. २०१७ सालचा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरू शकत नाही. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. उंच वाढलेले पीक, संरक्षक साधनांचा अभाव, एकाहून अधिक औषधांचे मिश्रण अशी अनेक कारणे पुढे आली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडे आतून पोखरली. ज्या बीटी वाणांवर शेतकऱ्याने विश्वास ठेवला होता, त्यांना ही अळी सरावली होती.

या दुःखात संगणकतज्ज्ञाला काय करण्याजोगे आहे, असे कुणी विचारील. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. प्रत्येक सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असे कृषिशास्त्र सांगते. त्याआधी केलेली फवारणी म्हणजे खर्चही व्यर्थ आणि विषही व्यर्थ. परंतु पतंग ओळखणे, मोजणे आणि त्यावरून निर्णय घेणे हे काम शेतकऱ्याला दररोज जमतेच असे नाही. मुंबईत २०१८ साली सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेतील तंत्रज्ञांनी हाच प्रश्न हाती घेतला. सापळ्यातील पतंगांचे भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावयाचे, संगणकाने ते मोजावयाचे आणि फवारणी आवश्यक आहे की नाही याचा सल्ला द्यावयाचा, अशी प्रणाली त्यांनी विकसित केली. शेतात संपर्काची लहर मिळत नाही हे ओळखून ती भ्रमणध्वनीतच चालेल इतकी आटोपशीर करण्यात आली. २०१९ साली या कामास गूगलचे जागतिक स्तरावरील अनुदानही लाभले.

या प्रयत्नाने सर्व प्रश्न सुटले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एक अनावश्यक फवारणी टळली तर एका मजुराच्या श्वासात जाणारे विष टळते आणि शेतातील असंख्य सूक्ष्म जीवही वाचतात. ज्या धर्मात एकेंद्रिय जीवाचाही विचार केला जातो, त्या धर्माच्या अनुयायाला हे अभयदानच वाटावयास हवे. शिवाय ज्या कापसावर येथील व्यापारी घराणी उभी राहिली, त्या कापसाच्या शेतकऱ्याचे ऋणही समाजावर आहे.

मात्र येथे एक सावधगिरीचा विचार आवश्यक आहे. केवळ बुद्धी पुरत नाही. २०१७ सालीच राज्य शासनाने शेतकरी कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागविले. बँकांनी दिलेली माहिती आणि अर्जांतील माहिती यांचा मेळ बसेना, याद्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पात्र शेतकऱ्यांना दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली. संगणकासमोर एक अक्षर चुकते, तेव्हा गावात एका कुटुंबाचा हंगाम अडतो. म्हणून समाजाच्या प्रश्नावर काम करू इच्छिणाऱ्याने आधी त्या प्रश्नाजवळ जाऊन बसावे लागते. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेचे ग्रामीण रुग्णालय आहे. थॉटवर्क्स या कंपनीच्या अभियंत्यांनी तेथील डॉक्टरांबरोबर काम करून 'बाम्हनी' ही रुग्णालय-प्रणाली घडविली आणि ती सर्वांसाठी मुक्त ठेवली. पुढे ती अनेक देशांतील रुग्णालयांत पोहोचली. रुग्णालयाची गरज आधी आणि आज्ञावली नंतर, हा क्रम पाळला गेल्याचे ते फळ होय.

यावर एक समर्थ आक्षेप घेतला जातो आणि तो व्यापारी समाजातून येणे साहजिक आहे. ज्याला मिळविता येते त्याने भरपूर मिळवावे आणि त्यातून भरपूर द्यावे, आजवरची मंदिरे आणि रुग्णालये अशाच दानातून उभी राहिली, मग हुशार मुलाने अल्प वेतनावर का राबावे? या आक्षेपात तथ्य आहे. द्रव्यदानाची महती कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु काही गोष्टी द्रव्याने विकत मिळत नाहीत.

याचे प्रमाण शेजारच्या अमरावतीत आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर बंदिस्त होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांनी तिच्या संपादनाचे व्रत घेतले. १९३९ साली पहिला भाग अमरावतीहून प्रकाशित झाला आणि सुमारे दोन दशकांत सोळा भाग पूर्ण झाले. शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या दाननिधीचा त्यास आधार होता. निधी नसता तर ग्रंथ छापला गेला नसता हे खरे. पण विद्वानाने आपल्या आयुष्याची वर्षे दिली नसती, तर त्या निधीचे काय झाले असते? श्रेष्ठींचे द्रव्य आणि विद्वानाची बुद्धी यांचा संगम झाला, तेव्हाच ते ज्ञानदान सिद्धीस गेले.

याच धवलेत 'अर्धच्छेद' नावाची गणिती संकल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. बत्तीसचे निम्मे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. म्हणजे बत्तीसचे अर्धच्छेद पाच. आधुनिक गणितात यालाच दोन या पायाचा लॉगरिदम म्हणतात आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी त्यावाचून एक पाऊल पुढे टाकू शकत नाही. क्रमाने लावलेल्या हजारो नावांच्या यादीतून संगणक एक नाव क्षणात शोधतो, तो यादी निम्मी-निम्मी करीतच. ज्या परंपरेत गणित हे आत्मविद्येचे साधन मानले गेले, त्या परंपरेच्या वारसांनी गणिताचा उपयोग केवळ वेतनवाढीपुरता मर्यादित ठेवावा, हे त्या वारशाला शोभणारे नाही.

व्यवसाय सोडून पूर्णवेळ समाजकार्यास वाहून घेणारेही समाजात झाले आहेत. बांधकाम व्यवसायात यश मिळविलेल्या शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली भारतीय जैन संघटनेची स्थापना केली आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांच्या शिक्षणाची व निवासाची जबाबदारी संघटनेने पुण्यात उचलली. तेथे व्यापारातील संघटनकौशल्य हेच दान ठरले. परंतु प्रत्येकाकडून अशा सर्वस्वत्यागाची अपेक्षा ठेवणे न्यायाचे होणार नाही. अनेक तरुणांच्या शिरावर शैक्षणिक कर्ज असते, वृद्ध आईवडिलांचा भार असतो, घराचे हप्ते असतात. त्यांना उपदेश करणाऱ्याने आधी त्यांची अडचण समजून घ्यावी. श्रावकासाठी अणुव्रते सांगणाऱ्या धर्माने माणसाच्या मर्यादेचा विचार नेहमीच केला आहे. बुद्धिदानाचेही अणुव्रत असू शकते : वर्षातील काही दिवस, आठवड्यातील काही तास, अथवा आयुष्यातील एक-दोन वर्षे.

येथे समाजाने स्वतःकडेही पाहावे. विवाहाच्या बोलणीत मुलाच्या वेतनाचा आकडा पहिल्याच भेटीत विचारला जातो, मात्र तो काय काम करतो हे विचारण्याची प्रथा नाही. ग्रामीण आरोग्यासाठी वा शेतीसाठी काम करणारा अभियंता 'मोठ्या कंपनीत लागला नाही' म्हणून कमी लेखला जातो. ज्याची प्रतिष्ठा समाज करतो, त्याच दिशेने तरुण जातात. सत्कार केवळ गुणांचा आणि वेतनाचा होत राहिला, तर सेवेची अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला उरत नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात काही गोष्टींचा विचार व्हावा. शिष्यवृत्ती घेऊन संगणकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याकडून केवळ द्रव्यरूपाने परतफेड न मागता समयदानाचा संकल्प घ्यावा. समाजोपयोगी कामासाठी एक-दोन वर्षे देऊ इच्छिणाऱ्या तरुणास निर्वाहापुरती वृत्ती देणारा निधी उभारावा, म्हणजे धवलेच्या प्रकाशनात घडला तसा द्रव्य आणि बुद्धीचा संगम पुन्हा घडेल. कारंजासारख्या ठिकाणच्या शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांच्या संगणकीय सूचीचे काम घरी राहूनही करता येण्याजोगे आहे. आणि सुट्टीत गावी आलेल्या अभियंत्याने एक दिवस बाजार समितीत, एक दिवस शासकीय रुग्णालयात आणि एक दिवस कपाशीच्या शेतात घालवावा. प्रश्न तेथे आहेत. ते पाहिल्यावाचून त्यांची उत्तरे लिहिता येणार नाहीत.

प्रतिभावंतांनी समाजाच्या प्रश्नांवर काम करावे काय, या प्रश्नाचे उत्तर आज्ञेच्या रूपात देता येत नाही, कारण आज्ञेने झालेले दान हे दान नव्हे. परंतु जीवांनी परस्परांचा उपकार करावा हे उमास्वातींनी सूत्ररूपाने सांगितले आणि १९७४-७५ मध्ये, भगवान महावीरांच्या पंचवीसशेव्या निर्वाण वर्षात, सर्व संप्रदायांनी स्वीकारलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी तेच सूत्र अंकित झाले. कौशल्य जितके मोठे, तितकी उपकाराची क्षमता मोठी आणि तितकेच उत्तरदायित्वही मोठे. मागील पन्नास वर्षांत समाजाने धनाचे दान शिकविले. पुढील पन्नास वर्षांत त्याने बुद्धीचे दान शिकवावे आणि असे दान करणाऱ्या मुला-मुलींच्या पाठीशी उभे राहावे, हीच सुवर्णमहोत्सवाची सार्थकता ठरेल.

जय जिनेंद्र.