एका इटालियन वाक्याची गोष्ट



"मी भाकरी खाल्लो" असे आमच्या सातवीतील एक मुलगा म्हणाला आणि सारा वर्ग हसला. नंतर महिनाभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही. त्याच्या घरी दखनीत "मैं रोटी खाया" म्हणतात. तेच त्याने मराठीत आणले. प्रमाण मराठीत ही चूक खरी, पण ती अडाणीपणाची नव्हे. हे पटावे म्हणून आज मी पार इटलीतील एक वाक्य घेतो.

"मारिया आ मांजातो ला मेला." म्हणजे मारियाने सफरचंद खाल्ले. 'मेला' म्हणजे सफरचंद (हसू नका!) आणि ते तिकडे स्त्रीलिंगी आहे. 'आ' म्हणजे 'तिच्याजवळ आहे', 'मांजातो' म्हणजे 'खाल्लेले'. असा हा दोन शब्दांचा भूतकाळ. लॅटिनमधील "मजजवळ लिहिलेले पत्र आहे" अशा धर्तीच्या रचनेतून तो निघाला.

आता गंमत पाहा. खाणारी बाई, फळ स्त्रीलिंगी, तरी 'मांजातो' हे रूप पुल्लिंगीच राहिले! मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला. दखनीत ते खाणाऱ्याप्रमाणे बदलते. इटालियनमध्ये येथे ते दोघांनाही जुमानीत नाही.

मात्र जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा क्रियापदांना 'आ' चालत नाही. तेथे 'ए', म्हणजे 'आहे', लागतो. "मारिया ए आंदाता", मारिया गेली. पाओलो असेल तर "आंदातो". ती गेली, तो गेला. येथे आपले आणि त्यांचे जमले.

आणखी एक. "सफरचंद कोठे आहे?" असे विचारल्यावर "मारियाने ते खाल्ले" म्हणताना 'ते' हे सर्वनाम क्रियापदाच्या आधी येते. मग 'मांजातो'चे 'मांजाता' होते: "मारिया ला मांजाता." म्हणजे कर्म सर्वनाम होऊन पुढे आले की इटालियन क्रियापदही मराठीसारखे त्याचे ऐकते.

हे सारे मी त्या मुलाला फळ्यावर लिहून दाखविले. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "सर, मग इटलीची मुले मराठी शिकताना 'खाल्लो' म्हणतील का?"

मी म्हटले, "नाही रे. ती बहुधा 'मी भाकरी खाल्ला' म्हणतील."

यावर तो मनापासून हसला आणि खडू घेऊन त्याने फळ्यावर लिहिले, "मी भाकरी खाल्ली."