टोपीवरचा बिल्ला : खरा आणि खोटा

श्रोतेहो, फौजी टोपीवरचा बिल्ला म्हणजे तशी चिमूटभर पितळ. पण तो जमवण्याचा नाद एकदा लागला, की भला माणूस जुन्या बाजारात तासन् तास उकिडवा बसून राहतो. मीही बसतो, आणि तिथेच एकदा चांगला फसलो. ब्रिटिश तोफखान्याचा बिल्ला होता. मधे तोफ, वर मुकुट. विकणारा म्हणाला, "साहेब, पहिल्या महायुद्धातला आहे!" मी तीन हजार मोजले. घरी येऊन भिंग लावले, तर मुकुटानेच त्याला खोटे पाडले.

त्याचे असे आहे. १९०१ पासून १९५२ पर्यंत इंग्लंडच्या गादीवर राजे होते. त्या काळच्या बिल्ल्यांवरील मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल चढत जातात. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, १९५३ पासून, जो मुकुट आला त्याच्या कमानी माथ्याशी मधोमध दबलेल्या असतात. माझ्या बिल्ल्यावरचा मुकुट दबलेला होता! बिल्ला कदाचित खरा असेल; त्याची जन्मकथा मात्र धादांत खोटी. म्हणून पहिला धडा हा, की वस्तूच्या आधी कथा तपासावी.

आपल्याकडेही हीच कसोटी लागू पडते. २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या पलटणींच्या चिन्हांवरचा मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. मराठा पलटणीला १९२२ साली '५' हा आकडा मिळाला, आणि १९४५ साली तो गळला. मग पाचाचा आकडा आणि सिंहमुद्रा एकाच बिल्ल्यावर दिसली, तर खिशातला हात खिशातच ठेवावा.

आता घडण पाहू. जुने बिल्ले बहुधा पत्र्यावर ठसा दाबून काढलेले असतात. त्यामुळे पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खोलगट भाग दिसतो. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन जो ओततात, त्याची पाठ बऱ्याचदा सपाट असते, अंगावर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. शिवाय धातू थंड होताना आकसतो; म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. पट्टी जवळ असू द्या, मापून पाहा.

तिसरी गोष्ट झीज. शिपाई बिल्ला रोज घासतो तो पुढून. उंचवटे गुळगुळीत होतात, खाचांत पॉलिशची पांढरी पूड साठते, पाठ मात्र तशीच राहते. आम्लात बुडवून 'म्हातारा' केलेला बिल्ला पुढूनमागून सारखाच काळवंडतो. वय असे सगळीकडून एकदम येत नाही!

पण एवढे शिकून मी शहाणा झालो, असे समजू नका. गेल्या वर्षी एक विद्यार्थी रुमालात बांधून एक बिल्ला घेऊन आला. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होते. एका व्यापाऱ्याने "ओतीव आहे, नकली आहे" म्हणून तो दोनशे रुपयांना मागितला होता. मी उलटून पाहिला. पाठ सपाट, अंगावर खड्डे. माझ्याही तोंडून 'नकली' हाच शब्द निघणार होता. पण पुढचा उंचवटा घासून जवळजवळ नाहीसा झाला होता. मागची पट्टी मोडल्यावर कुणीतरी डाख देऊन टाचणी बसवली होती. आणि मग आठवले, की परदेशातून आलेला माल कमी पडे तेव्हा हिंदुस्थानातल्या बाजारांत कारागिरांकडून बिल्ले ओतून घेत. ते शिपायांनी खरोखर वापरले. म्हणजे ओतीव तेवढे नकली, हा नियम इथे लंगडा पडतो.

मी त्याला विचारले, "घरी काही कागद आहे का?" दुसऱ्या दिवशी त्याने पणजोबांचे फौजेतून सुटल्याचे पत्र आणले. साल आणि तोफखान्याचे नाव जुळत होते. एवढ्यावरून बिल्ला त्यांचाच, असे शपथेवर सांगता येत नाही. पण तो खोटा आहे, असे म्हणायला तर काहीच आधार उरला नाही. मी म्हटले, "बाबा रे, हा विकू नकोस. आणि तो कागद बिल्ल्याजवळच ठेव."

श्रोतेहो, खोट्याला खरे मानले तर आपले पैसे जातात. खऱ्याला खोटे म्हटले तर एखाद्या घरातला माणूस दुसऱ्यांदा जातो. भिंग हातात घेताना दोन्ही नुकसाने ध्यानात असावीत.