तांबडी पेशी आणि आपला तालुका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामातलं थोडं सांगावं, असं संयोजकांनी सुचवलं. माझी सगळी नोकरी रक्ताचे नमुने तपासण्यात गेली, म्हणून तांबड्या पेशीबद्दल बोलतो.

ही पेशी ७ ते ८ मायक्रॉन रुंद असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काही केशवाहिन्या तिच्याहून अरुंद, आणि प्लीहेतल्या फटी तर जेमतेम एका मायक्रॉनच्या. तरी ती त्यांतून जाते. कापसाची ठासून भरलेली गोणी दाबता येत नाही, अर्धवट भरलेली कशीही दुमडते; आपली पेशी अशी अर्धवट भरलेली आहे. तयार होतानाच ती आपलं केंद्रकही टाकून देते. अशी वाकत, दुमडत ती सुमारे १२० दिवस काम करते.

आता आपल्या तालुक्याकडे येतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. यात हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी झाला, की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठ दांडे बनतात. पेशी विळ्यासारखी होते, दुमडत नाही, आणि बारीक वाहिनीत अडकते. मागचं रक्त थांबतं, हाडं असह्य दुखतात. अशी पेशी १० ते २० दिवसांतच संपते, म्हणून अंगात रक्त कमी.

आपल्यापैकी बरेच जण आज शिक्षक आहेत, काही आश्रमशाळांवर. त्यांना माझी विनंती आहे. हातपाय दुखतात म्हणून वारंवार घरी राहणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणू नका. त्याला भरपूर पाणी पिऊ द्या, थंडीत उबदार ठेवा, आणि रक्त तपासून घ्यायला पाठवा. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात.

दुसरं, लग्नाआधी तपासणी. वाहक माणूस आजारी नसतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं आहे. त्यातली तपासणी पाड्यापाड्यापर्यंत पोहोचवायला गावाने ओळखलेला माणूस लागतो. तो माणूस आपल्यातलाच कुणी असू शकतो.