उन्हाळ्यातील सामूहिक सायकलप्रवास
(रुग्णालयाच्या लकडगंज येथील वार्षिक सभेत केलेले भाषण)



बाबा आमटे यांच्या प्रेरणेने शंभराहून अधिक तरुण-तरुणी डिसेंबर १९८५ मध्ये सायकलींवरून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. ५,०४२ किलोमीटरांच्या त्या ‘भारत जोडो’ यात्रेचा आरंभ हिवाळ्यात झाला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पूर्ण केली. वाटेत वाळवंट होते, पण साहाय्यकांचे पथकही सोबत होते. मे महिन्यात दोन बाटल्या पाण्यावर भंडाऱ्याकडे निघणाऱ्या गटाजवळ यांपैकी काहीच नसते.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. हवा त्वचेहून अधिक तापली की शरीराला घामाखेरीज आधार उरत नाही. विदर्भाची कोरडी हवा तो घाम तत्काळ टिपून घेते. तासाला लिटरभर पाणी गेले तरी अंग कोरडेच भासते. गटात मागे असणाऱ्यास पुढच्याचा आडोसा मिळून श्रम वाचतात, पण वाराही कमी लागतो. याहून मोठा धोका भिडेचा आहे. आपल्यामुळे सर्वांना थांबावे लागेल, या संकोचाने थकलेला मनुष्य बोलतच नाही.

म्हणून वेग सर्वांत मंद सहकाऱ्याने ठरवावा आणि पहाटे निघून दहापूर्वी सावली गाठावी. नुसते पाणी भराभर पिऊ नये. जलसंजीवनीचे पाकीट लिटरभर पाण्यात घालून घोट-घोट घ्यावे.

कोणी असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघातच समजावा. अंग घामाने भिजलेले असले तरीही. १०८ क्रमांकास कळवावे, पण वाहनाची वाट पाहत बसू नये. त्यास सावलीत निजवून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. भान हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये. पहिल्या अर्ध्या तासात वाया गेलेला वेळ आम्हांस रुग्णालयात भरून काढता येत नाही.

येथील लाकूडबाजारात ओंडके उतरविणाऱ्या हमालांनाही हेच लागू आहे, आणि त्यांना तर दहा वाजता घरी परतण्याची मुभा नसते. वखारींच्या दारी सावली, पाणी व बर्फ यांची सोय व्हावी, अशी व्यापारी बंधूंना आमची आग्रहाची विनंती आहे.