बर्फाला घाम फुटू द्या

(आशाताई व आरोग्यसेविकांच्या उन्हाळी प्रशिक्षण वर्गातील भाषणाचे शब्दांकन)



कालपासून तुमच्यापैकी तिघी-चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. डीप फ्रीझरमधून काढलेले आइस पॅक व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरण्याआधी टेबलावर उघडे का ठेवायचे? बाहेर चाळीस अंशांचे ऊन, पाड्यावर पोहोचायला दोन-तीन तास, आणि थंडावा आपणच वाया घालवायचा? प्रश्न रास्त आहे. मी नर्स म्हणून लागले तेव्हा मलाही नुसते "ठेवायचे" एवढेच सांगितले होते. कारण ठाऊक नसले की घाईच्या दिवशी पहिला तोच नियम गळतो.

जरा हिशेब करू. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला एक कॅलरी लागते, हे शाळेत शिकलो. बर्फाला त्याच्या निम्मीच लागते. फ्रीझरमधला बर्फ साधारण उणे 20 अंशांवर असतो. तो शून्यावर यायला ग्रॅममागे 10 कॅलरी. शून्यावर आल्यावर मात्र गंमत होते. बर्फ उष्णता घेतच राहतो, पण तापमान जागचे हलत नाही. ती सगळी उष्णता घट्ट बसलेल्या कणांची वीण सोडवण्यात जाते. शून्य अंशाच्या बर्फाचे शून्य अंशाचे पाणी व्हायला ग्रॅममागे 80 कॅलरी लागतात! थर्मामीटरला त्यांचा पत्ताच लागत नाही, म्हणून पुस्तकात त्याला अप्रकट उष्मा म्हणतात. अठराव्या शतकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी तो मोजला. ते डॉक्टरही होते, म्हणजे आपल्यातलेच.

तर पॅकजवळ नव्वद रुपये आहेत असे समजा. बाहेर ठेवून आपण त्यातले दहा-पंधरा खर्च करतो. मोठी रक्कम कॅरिअरमध्येच जाते.

पण मग ते दहा तरी का टाकायचे? कारण बर्फ ती उष्णता कुठून तरी घेणारच, आणि बंद कॅरिअरमध्ये त्याला हाताशी सापडते ती लसीची कुपी. पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी या लसींत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात. लस गोठली की ते एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर सुटे होत नाहीत. पाण्याचा बर्फ, बर्फाचे पाणी कितीदाही करा. या लसींना ती सोय नाही. कुपीवरचा व्हीव्हीएम फार तर उन्हाची चुगली करतो, गोठल्याचे तो काहीच सांगत नाही. सुई टोचली जाते, बाळ रडते, कार्डावर नोंद होते, आई निर्धास्त घरी जाते. आणि घटसर्पापासून, डांग्या खोकल्यापासून त्या बाळाला हवे तेवढे संरक्षण मिळालेलेच नसते. डोंगर उतरून आलेल्या त्या आईला हे कधी कळणारही नाही.

म्हणून पॅकला घाम फुटू द्या. मग कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळले की बर्फ शून्यावर आला, वितळू लागला. किती मिनिटे, असे विचारू नका. मे महिन्यात लवकर होते, थंडीत बराच वेळ लागतो. घड्याळापेक्षा कानावर विश्वास ठेवा. चारही पॅक हलवून बघा, एकावरून बाकीच्यांचा अंदाज नको.

पॅकमध्ये साधेच पाणी भरायचे, तेही खुणेपर्यंत. कोणी म्हणेल, मीठ घातले तर जास्त गार राहील. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते मिश्रण शून्याच्या खाली न्यायला. त्याला कुल्फी गोठवायची असते, आपल्याला लस गोठवायची नाही. आपल्याला हवेत 2 ते 8 अंश.

आता दुसरी बाजू. नर्मदाकाठच्या पाड्यांवर लस होडीने जाते, तिथे दिवस लांबतो. पॅकमध्ये बर्फाचा खडा आहे तोवर पॅक शून्यावरच राहतो. शेवटचा खडा विरघळला की ते पाणी 8 अंशांवर जायला ग्रॅममागे फक्त 8 कॅलरी पुरतात. कुठे 80 आणि कुठे 8! म्हणून झाकण उगाच उघडू नका, कॅरिअर सावलीत ठेवा. दुपारी कुपी काढायला झाकण उघडाल तेव्हा पॅकही हलवा. आत खडा वाजला तर काम चालू ठेवा. नुसतेच पाणी वाजले तर सत्र थांबवून केंद्रावर कळवा.