शेवंतीचे वर्ष



शाळेच्या अंगणातील बाग पावसाळ्यात लावली जाते, हिवाळ्यात बहरते आणि मे महिन्याच्या सुट्टीत वाळून जाते. जून उजाडला की पुन्हा रोपांसाठी पैसे मागावे लागतात. हा अनुभव अनेक गावांचा आहे. शेवंतीच्या बाबतीत तरी हा फेरा थांबविता येण्यासारखा आहे, कारण शेवंती हे एका हंगामाचे झाड नसून बहुवर्षायु आहे. लक्ष्मीपूजनाला, मार्गशीर्षातील गुरुवारी आणि बायकांच्या वेणीत दिसणारे हे फूल मूळचे चीनमधले. महाराष्ट्रात ते इतके रुळले आहे की पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांत त्याची शेती होते.

उन्हाळा : जपणुकीचा काळ

माघ-फाल्गुनात फुले संपली की शेवंतीची खोडे तपकिरी पडतात. झाड मेले असे समजून ते उपटून टाकले जाते. वस्तुतः जमिनीखाली ते जिवंत असते. अशा वेळी खोडे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावीत, बुंध्याशी कुजलेले शेणखत घालावे व बेताचे पाणी द्यावे. थोड्याच दिवसांत मुळाशी नवे कोंब फुटतात. त्यांनाच शेतकरी काश्या म्हणतात. पुढील वर्षाची सारी बाग या काश्यांतून उभी राहते.

सुट्टीतील अडचण येथेच येते. परंतु त्यासाठी संपूर्ण बाग जगविण्याची आवश्यकता नाही. उत्तम झाडांच्या काश्या मुळांसह अलग करून एकाच लहान वाफ्यात लावाव्यात. हा वाफा सार्वजनिक नळाजवळ, दुपारची सावली मिळेल अशा जागी असावा. भांडी विसळल्याचे साधे पाणी चालते. साबण-सोड्याचे पाणी मात्र घालू नये. एक-दोन दिवसांआड, सकाळी किंवा सायंकाळी, पाणी पुरेसे होते. शाळेशेजारी राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाळ्या शिक्षकांनी परीक्षेपूर्वीच ठरवून द्याव्यात आणि देखरेख पंचायतीच्या एका सदस्याने पत्करावी. काम कोणाचे हे ठरलेले नसले की ते कोणाचेच राहत नाही, आणि झाडे वाळतात ती बहुधा यामुळेच.

पावसाळा : लागवड व खुडणी

जून-जुलैत पावसाची झड ओसरली की काश्या सुमारे एक फूट अंतरावर लावाव्यात. शेवंतीला ओल हवी, परंतु साचलेले पाणी सोसत नाही, मुळे कुजतात. म्हणून लागवड वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर करावी. कुंडी असेल तर तळाचे भोक खापरीच्या तुकड्याने झाकून मगच माती भरावी.

लागवडीनंतर साधारण चार आठवड्यांनी प्रत्येक रोपाचा कोवळा शेंडा खुडावा. प्रथमच बाग करणाऱ्यास हे जिवावर येते. पण शेंडा खुडल्यावर बगलेतील डोळे फुटतात, झाड पसरते आणि एका फुलाच्या जागी अनेक फुले येतात. जोमदार शेंडे ओलसर वाळूत खोचले तर त्यांनाही मुळे फुटतात. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र खुडणी थांबवावी, कारण पुढे कळ्या धरण्याची वेळ येते.

खालच्या पानांवर काळपट ठिपके दिसू लागल्यास ती पाने तोडून जाळावीत आणि पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी द्यावे.

रात्रीचे गणित

शेवंती थंडीतच का फुलते, याचे उत्तर रात्रीच्या लांबीत आहे. दिवसरात्रीच्या लांबीवर वनस्पतींचे फुलणे अवलंबून असते, हे गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले. महाराष्ट्रात जूनमध्ये दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो, तर डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. रात्री लांबू लागल्या की शेवंती कळ्या धरते. यातून एक व्यावहारिक सूचना निघते. रस्त्यावरील दिव्याखाली शेवंती लावू नये. रात्रभर उजेड मिळालेले झाड हिरवेगार राहते. पण त्याच्या कळ्या लांबतात किंवा धरतच नाहीत. खत देऊनही फुले का येत नाहीत, असा प्रश्न पडलेल्यांनी आधी वर दिव्याच्या खांबाकडे पाहावे.

हिवाळा : बहर आणि निवड

कळ्या दिसताच झाडांना काठीचा आधार द्यावा. ढगाळ हवेत शेंड्यांवर मावा पडतो. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. फुले पूर्ण उमलल्यावर सकाळी तोडावीत. ज्यांना खुडणी व आधार यांचे काम झेपत नाही त्यांच्यासाठी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने खुडणी व काठी न लागणाऱ्या ठेंगण्या जातीही तयार केल्या आहेत.

याच दिवसांत आणखी एक काम विसरू नये. भरघोस फुलणाऱ्या, निरोगी झाडांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. फुले गेल्यावर सारी झाडे सारखीच दिसतात. दोरा असला म्हणजे काश्या कोणाच्या घ्यायच्या हे उन्हाळ्यात निश्चित कळते.

एका चांगल्या झाडाभोवती अनेक काश्या फुटतात. शाळेची गरज भागल्यावर उरलेल्या काश्या मुलांनी घरी न्याव्यात. एखाद्या वर्षी शाळेचा वाफा वाळलाच, तर गावातील एखाद्या परसातून काशी परत मिळेल. बाग अंगणापुरती न राहता गावाची झाली, तर मे महिन्याची भीती उरणार नाही.